उभ्या इंजिनातला आवाज

१

मार्चात शाळा सकाळची झाली तसा क्रांतीचा खरा दिवस दुपारी सुरू व्हायला लागला. स्कूटी आंब्याच्या सावलीला लावायची, पायांवर पाणी घ्यायचं, सासूला जेवायला वाढायचं आणि मग नवऱ्याची चादर बदलायची.

धनेशला दिवाळीच्या तोंडावर झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला तो डावा हात आणि डोळे. त्या हाताशी स्टीलचा एक पेला ठेवलेला असायचा. काही हवं असलं की तो पेला खाटेच्या लोखंडी कठड्यावर आपटायचा. टक-टक, मग जरा थांबून, चिडल्यासारखा आणखी एक टक. पाणी हवं, टक-टक, टक. कूस बदलायची, टक-टक, टक. नाकावर माशी बसली तरी तेच.

"आले, आले," म्हणत क्रांती हातातलं टाकून धावायची.

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत नवऱ्यानं तिला जेवढं बोलावलं नव्हतं, तेवढं आता तो एका दुपारी बोलवायचा.

तो मारकुटा नव्हता, पिणारा नव्हता. तळा गावच्या बाजारपेठेत कुणालाही विचारलं तर सज्जन माणूस म्हणून सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. रोह्याच्या कंपनीतून यायचा, जेवायचा आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचा. आत कॉम्प्युटर होता आणि कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायचा खेळ. खेळ म्हटलेलं त्याला खपायचं नाही, सिम्युलेटर म्हणायचं. तरुणपणी त्याला रेल्वेत ड्रायव्हर व्हायचं होतं. लेखी परीक्षा पास झाला, पण डोळ्यांच्या तपासणीत लाल कुठला नि हिरवा कुठला ते ओळखता आलं नाही. हे क्रांतीला सासूनं सांगितलं. त्यानं कधीच नाही.

हेडफोन लावून तो कुठल्या कुठल्या गावच्या, आपल्यासारख्याच नादिष्ट लोकांशी गप्पा मारायचा. दाराआडून त्याचं हसणं ऐकू यायचं. मोकळं, पोटातून आलेलं हसणं. क्रांती चहा घेऊन आत गेली की ते थांबायचं. एका कानावरचा हेडफोन सरकवून तो ती बाहेर जायची वाट बघत बसायचा.

एकदा तिनं विचारलं होतं, "काय करता हो एवढं?"

"तुला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला होता. रागानं नव्हे. त्याला खरंच तसं वाटत होतं म्हणून.

२

त्याला व्यायाम द्यायला माणगावहून भक्ती यायची. तिनं एकदा आतल्या खोलीत डोकावून बघितलं.

"ताई, हे त्यांचंच ना? मग धूळ खात का ठेवलंय? खाटेजवळ आणा. डावा हात तरी चालेल, मन लागेल."

क्रांतीनं टेबल ओढत खाटेला भिडवलं. खेळ सुरू केला. धनेशचे डोळे उघडले, म्हणजे खरे उघडले. पण इंजिनांच्या यादीतलं कुठलंही इंजिन त्याला चालेना. डावं बोट थरथरत एकाच नावावर जाऊन थांबायचं. कुठलंतरी जुनं डिझेल इंजिन. त्यावर दाबलं की पडद्यावर इंग्रजीत ओळ यायची, फाइल सापडली नाही. मग त्याच्या अर्ध्या तोंडातून एक आवाज निघायचा, दुखऱ्या जनावरासारखा.

"दे गो त्याला काय पायजे ते," दारातून सासू, पुतळाबाई, म्हणायची. "येवडं मागतोय तं."

पुतळाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन धनेश करवून आणणार होता. या सुटीत, त्या सुटीत.

तर क्रांती बसली शिकायला. दुपारी त्याला भरवून झालं की ती त्या खुर्चीत बसायची, ज्या खुर्चीला तिनं पंधरा वर्षांत फक्त फडका लावला होता. हळूहळू उलगडा झाला. खेळासोबत येणारी इंजिनं थोडीच. बाकीची हौशी लोक बनवतात आणि इंटरनेटवर ठेवतात. एकानं इंजिनाचं धड केलेलं असतं, दुसऱ्यानं ड्रायव्हरची केबिन, तिसऱ्यानं आवाज. ते सगळं हुडकून आणायचं, आपापल्या जागी ठेवायचं आणि एकमेकांना नावानं जोडायचं. नावातलं एक अक्षर चुकलं तर इंजिन उभं राहत नाही. धनेश याच कामासाठी त्या लोकांत प्रसिद्ध होता. कुणाचं इंजिन बिघडलं की त्याच्याकडे पाठवायचे आणि त्याला 'सर' म्हणायचे.

पहिलीच्या पोरांचे काने-मात्रे तपासण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. तिला ते कठीण गेलं नाही. एका फाइलच्या नावात एक अक्षर जास्त होतं, ते काढलं आणि इंजिन दिसायला लागलं. केबिन दुसऱ्याच नावाच्या कप्प्यात पडली होती, ती उचलून आणली आणि खिडकीतून रूळ दिसायला लागले. राहिला आवाज. आवाजाची फाइल कुठेच नव्हती. इंजिन मुक्यानं उभं होतं.

तिनं त्या लोकांच्या गप्पांच्या पानावर धनेशच्याच नावानं विचारलं. बऱ्याच जणांनी तब्येतीची चौकशी केली. कुणाकडेच ती फाइल नव्हती. मग एका सभासदानं, ज्याला नाव नव्हतं आणि फोटोही नव्हता, एक दुवा टाकला. खाली मराठीत लिहिलं होतं: घ्या. तुमचंच आहे.

तिनं ते उतरवून घेतलं, जागेवर ठेवलं. खोलीत इंजिनाची घरघर भरली, खाली जमिनीतून आल्यासारखी. धनेशचं अर्धं तोंड हसलं.

तिलाही बरं वाटलं. त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "कळलं की नाही मला त्यातलं?"

तो पडद्याकडे बघत होता.

३

ती मोरीत भांडी घासत होती. खोलीतून इंजिनाची घरघर येत होती. धनेश गाडी फारशी चालवायचा नाही. इंजिन स्टेशनात उभं करून ठेवायचा आणि बघत पडायचा.

टक-टक. टक.

"क्रांती, बग गो," पडवीतून पुतळाबाई ओरडली. "बोलावतोय तुला."

"आले, आले." ती उठली आणि उठता उठता थांबली. तिच्या ओल्या हातात राखेनं माखलेला पेला होता. त्याचाच पेला. घासायला आणलेला.

टक-टक. टक.

ती खोलीत गेली. धनेश झोपला होता. डावा हात छातीवर पडलेला, रिकामा. ती खाटेशी उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो आवाज पुन्हा आला. टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून.

तिनं स्वतःला समजावलं. खरं इंजिन उभं असतं तेव्हा त्यातही काहीतरी खडखडत असेल. एखादी झडप असेल. ज्यानं आवाज रेकॉर्ड केला त्यानं तेही टिपलं असेल. आपल्या डोक्यात दिवसभर तीच टकटक, म्हणून आपल्याला तसं ऐकू येतं.

पण पुतळाबाईनंही ऐकलं होतं.

दुसऱ्या दुपारी तिनं ती फाइल आवाज कापायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. घरघर पडद्यावर भाताच्या खाचरासारखी सपाट पसरली होती, आणि तिच्यात मधेच काटे उभे होते. दोन काटे. मोकळी जागा. मग एक. तिनं तेवढाच भाग लावून ऐकला. लोखंडावर स्टील. त्या शेवटच्या ठोक्यातली चीडसुद्धा.

फाइल कधी बनवली ते तिनं बघितलं. धनेशला झटका यायच्या कितीतरी आधी. तेव्हा तो पेला स्वयंपाकघरात इतर पेल्यांत होता, आणि ती लोखंडी खाट तर या घरात आलीच नव्हती. झटक्यानंतर भाड्यानं आणलेली.

मागे खऱ्या पेल्याचा आवाज झाला, टक-टक, टक, आणि ती दचकली. त्याला पाणी हवं होतं.

४

मग तिनं ते केलं, जे ती इतके आठवडे करत होती. दुरुस्ती.

काटे निवडले, कापले, बाजूची घरघर उचलून तिथे सांधली. दोनदा ऐकून बघितलं. सांधा कळत नव्हता. त्या कामाचा तिला थोडा अभिमानही वाटला. फाइल जतन केली आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. स्वच्छ, एकसारखी घरघर. धनेश पडद्याकडे बघत होता.

त्या दुपारी घर शांत होतं. तिनं घटक चाचणीचे पेपर तपासले. मग भिंतीला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला. किती महिन्यांनी. जागी झाली तेव्हा ऊन ओसरीवरून उतरलं होतं आणि तिला आधी फक्त बरं वाटलं. मग आठवलं, की आज एकदाही हाक आली नाही.

चादर ओली होती. ती केव्हाची ओली होती कोण जाणे. धनेशच्या हातात पेला होता. तो पेल्याकडे बघत होता, उलटा करून, सुलटा करून. तिनं त्याचा हात धरून पेला कठड्यावर आपटून दाखवला. टक. त्यानं तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत ओळख नव्हती असं नाही, पण ठोक्याचा अर्थ नव्हता.

"छोटासा झटका पुन्हा येऊन गेला असेल, ताई," भक्ती फोनवर म्हणाली. "असं होतं. एखादी शिकवलेली गोष्ट पुसली जाते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

पुसली जाते. क्रांती तो शब्द घेऊन कॉम्प्युटरपाशी गेली. उतरवून घेतलेलं मूळ गाठोडं तिनं ठेवलं होतं. ते पुन्हा उघडलं, त्यातली आवाजाची फाइल काढली. सपाट. काटे नाहीत. मूळ फाइलमध्येच नाहीत. ज्या पानावर दुवा होता ते पान उघडलं. तिचा प्रश्न होता, तब्येतीची चौकशी होती. ते बिननावाचं उत्तर तेवढं नव्हतं.

तर मग टकटक त्या फाइलमध्ये कधी नव्हतीच, असं ती स्वतःला म्हणाली. मी थकले आहे. थकलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं.

तरी त्या रात्रीपासून ती दर थोड्या वेळानं उठून त्याची चादर चाचपायला लागली, कारण आता तो बोलावणार नव्हता.

५

एका दुपारी ती शाळेतून आली तर पुतळाबाई उन्हात फाटकाशी उभी. पदर खांद्यावरून घसरलेला.

"बोलला गो! माजा धनू बोलला!"

क्रांतीनं स्कूटी तशीच सोडली. पडवीत पाय ठेवला आणि तिलाही ऐकू आलं. धनेशचा आवाज. अडखळत नव्हता. भरलेला, मोकळा, दाराआडून यायचा तसा.

"...आणि गुडघे कसे आहेत, आये? दुखतात अजून?"

तिनं उंबरा ओलांडला. आवाज वाक्याच्या मध्यात थांबला. फक्त इंजिनाची घरघर.

धनेश खाटेवर पडला होता. ओठ मिटलेले. कोपऱ्यातून गळालेली लाळ वाळून पांढरी झाली होती. बोललेल्या माणसाच्या तोंडावर ती तशी अखंड राहिली नसती.

पुतळाबाई मागून आली, चाचपत खाटेच्या कडेला बसली, मुलाचा हात हातात घेतला. "बोल ना रं. का थांबलास? क्रांती आली बग."

घरघर.

"आई," क्रांती म्हणाली, "त्यांचं तोंड मिटलेलं आहे. आवाज यातून येतोय, या स्पीकरमधून. त्यांच्या जुन्या गप्पा असतील साठवलेल्या."

"माजे गुडघे जुन्या गप्पांत व्हते?" पुतळाबाई म्हणाली. "डोळ्यांनी दिसत न्हाय मला, पर मी भैरी न्हाय."

क्रांतीनं सगळ्या फाइली उघडल्या. ब्रेकची, भोंग्याची, वायपरची, सगळ्या. कुठेच माणसाचा आवाज नव्हता. कापायला काही नव्हतं. दुरुस्त करायला काही नव्हतं.

तिनं कॉम्प्युटर बंद केला. सासू रडायला लागली, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही. पण मग धनेशची छाती हलायची मंद झाली. इतकी मंद की तिला वाकून बघावं लागलं. नखं जांभळट दिसली. तिनं त्याला हलवलं, तोंडावर पाणी मारलं, आणि शेवटी कशावरही विश्वास न ठेवता पुन्हा बटण दाबलं. इंजिन घरघरलं. त्याची छाती त्या घरघरीबरोबर वर आली, खाली गेली.

उन्हाचं असं होतं, ती स्वतःला म्हणाली. खोली तापते.

त्यानंतर इंजिन बंद करायची तिची छाती झाली नाही. लाइट गेली तर म्हणून इन्व्हर्टरची वायरही तिनंच त्या टेबलापर्यंत ओढून घेतली.

६

तो आईशी रोज बोलायचा. क्रांती घरात असताना मात्र नाही. ती पाणी आणायला गेली, दुकानात गेली, शाळेत गेली की. परतताना फाटकापासूनच मायलेकांचं बोलणं कानावर यायचं आणि तिची चप्पल पडवीत वाजली की तुटायचं. पुतळाबाई सगळं सांगायची. त्याला कोंबडीचा रस्सा आठवतो. त्याला बाबांची सायकल आठवते. तो म्हणतो, आये, मी आता मजेत हाय.

"माझ्याबद्दल काही बोलतात?" क्रांतीनं एकदा विचारलं.

पुतळाबाईनं जरा विचार केला. "न्हाय बा," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. किती दिवस बसलेलाच होता. क्रांतीनं तिला ज्येष्ठमध चघळायला दिलं. दिवसभर बोलून बोलून घसा बसणारच.

एकदा ती फाटकाबाहेरच स्कूटी थांबवून चप्पल हातात घेऊन आली. भिंतीला लागून, खोलीच्या खिडकीखाली उभी राहिली. पुतळाबाई परसात होती, वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत. खोलीत धनेश एकटाच होता, आणि तो बोलत होता. आईशी नव्हे. मधे मधे थांबायचा, समोरच्याचं ऐकल्यासारखा, आणि हसायचा. ते हसणं.

"हो हो, सिग्नल पडला की निघूच... नाही, घाई नाही... घरी?" इथे तो थांबला. "घरी आई आहे."

घरघर. समोरच्यानं आणखी काहीतरी विचारलं असावं.

"नाही," धनेश म्हणाला, अगदी सहज, "बाकी कोणी नाही."

क्रांतीच्या पायाखाली मुंग्यांची ओळ चालली होती. ती मुंग्यांकडे बघत राहिली.

"आईला घेतो की. होत आलीय तिची तयारी. आता जरा घोगरी येते अजून, पण होईल."

ती आत गेली नाही. परसात जाऊन तिनं सासूचा दंड धरला. "आई, चार दिवस केसरताईंकडे चौलला जाऊन या. मी आज सोडते. लगेच."

"लेकीकडं? ह्याला असा टाकून?"

"मी आहे ना त्यांच्याजवळ."

"तू हायेस," पुतळाबाई म्हणाली. घशातून शब्द खरवडत निघत होते. "तू हायेस म्हनून तं तो गप पडतो. तुजं पोटचं असतं ना गो, तं तुला कळलं असतं."

सासूच्या हातून घेतलेली मिरच्यांची टोपली क्रांतीच्या हातात होती. ती तिनं खाली ठेवली. पंधरा वर्षांत सासू हे कधी बोलली नव्हती. गावातल्या बाया बोलल्या होत्या, सासू नाही. धनेशही नाही. पण तो तर कशाबद्दलच बोलला नव्हता.

दुसऱ्या सकाळी तिनं धनेशला पुसलं, पेज भरवली, औषध दिलं. पुतळाबाई चहाची बशी घेऊन खाटेपाशी येऊन बसली सुद्धा, सून कधी निघते याची वाट बघत. क्रांतीला कळत होतं, की बाईला आत्ता हाताला धरून बाहेर काढायला हवं. बसमध्ये घालायला हवं. तिनं तिच्या दंडाकडे बघितलंही.

"बसा मग दोघं," ती म्हणाली, आणि शाळेत गेली.

७

शाळेत तिनं पाढे घेतले. मुलं ओरडून म्हणत होती. अर्ध्यात तिला राहवेना. मुख्याध्यापकांना सांगून ती निघाली. रस्त्यावर डांबर चकाकत होतं. आपण काय मूर्खासारखं घाबरलोय, असं ती मोठ्यानं म्हणाली. म्हातारीचा घसा बसलाय. नवरा आजारी आहे. कॉम्प्युटरमध्ये जुन्या गप्पा आहेत. एवढंच आहे.

फाटकापाशीच हसणं ऐकू आलं. दोघांचं. धनेशचं आणि पुतळाबाईचं. म्हातारीचा घसा सुटला होता. आवाज खणखणीत होता, क्रांती लग्न होऊन आली तेव्हाचा. तिला इतकं हायसं वाटलं की ती फाटकाला धरून उभी राहिली.

"ऐकलं का रं," खोलीतून पुतळाबाई सांगत होती, "तुजा बाबा सायकलीवरून पडला तवा..."

क्रांतीनं फाटक लोटलं आणि पडवीकडे बघितलं.

पडवीत, भिंतीला टेकून, पाय पसरून पुतळाबाई बसली होती. मांडीवर तांदळाचं सूप. तोंड फाटकाकडे. फाटकाचा आवाज ऐकून तिनं मान उचलली, पांढरट डोळे क्रांतीला शोधायला लागले आणि तिचे ओठ हलले. हलतच राहिले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. हात वर आला, ये, ये, असा. तोंडातून काहीच येत नव्हतं. श्वाससुद्धा वाजत नव्हता.

"बसले बाबा," आत पुतळाबाई म्हणाली. "मस्त जागा हाय. सोड तुजी गाडी."

घरघर बदलली. खोल गेली, मग चढली. भोंगा वाजला, लांब, आणि पडवीपर्यंत आलेल्या क्रांतीनं खांब धरला. चाकं रुळांवर पडायला लागली. आधी सावकाश, मग भराभर. आवाज दूर जायला लागला. घराच्या एका खोलीत, चार भिंतींत, आवाज दूर दूर जात राहिला, मांदाडच्या खाडीच्याही पलीकडे गेल्यासारखा, आणि मग नव्हता.

तिनं खिडकीतून बघितलं. पडद्यावर स्टेशन होतं. रिकामा फलाट, रिकामे रूळ, कडक ऊन. खाटेवर धनेश डोळे उघडे ठेवून पडला होता. त्याची छाती हलत होती. डोळे खिडकीकडे वळले, तिच्यावरून गेले, भिंतीवरून गेले तसे, आणि छताला लागले.

"क्रांती!" शेजारचे अंबाजीकाका कुंपणापाशी आले होते. खांद्यावर टॉवेल, हातात कोयता. "काय झालं गो? पुतळावैनी अशी काय करते? बोलत का न्हाय?"

क्रांती वळली. तिला उत्तर द्यायला हवं होतं. डॉक्टर, गाडी, काहीतरी सांगायला हवं होतं. तिनं तोंड उघडलं आणि तशीच राहिली, कारण त्या क्षणी तिला कळलं की आपण बोलायला भीत आहोत, आपलाही आवाज गेला असेल म्हणून. पडवीत म्हातारीचे ओठ हलत होते. सुपातले तांदूळ मांडीवरून सांडत होते.

"अगो, बोल की!"

"गाडी बघा, काका," क्रांती म्हणाली. "दवाखान्यात न्यायला लागेल. दोघांनाही."

शब्द स्वच्छ निघाले. अडखळले नाहीत, घोगरे नव्हते. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा तिचा आवाज होता, वर्गातला, आणि तो जिथल्या तिथे होता. त्याला कुणी हात लावला नव्हता.

अंबाजीकाका गाडी बघायला धावले. क्रांती सासूजवळ जाऊन खाली बसली, तिच्या मांडीवरचं सूप काढून घेतलं, आणि फरशीवर सांडलेले तांदूळ एकेक करून गोळा करायला लागली.